भांडेवाल्या आबांची एक चांदणी

आपलं दुकान चालू नये म्हणून जन्मभर इतक्या निष्ठेनं खपलेला दुसरा दुकानदार जळगावपासून धुळ्यापर्यंत उभ्या खानदेशात मी पाहिला नाही. दुकान बुडवणारे पुष्कळ पाहिले. कोणी पत्त्यांत बुडवलं, कोणी मेहुण्याच्या भरवशावर बुडवलं, एकानं तर नगरपालिकेच्या निवडणुकीला उभं राहून बुडवलं. पण रोज सकाळी साडेआठला शटर वर करायचं, उदबत्ती लावायची, गादीवर मांडी घालून बसायचं आणि येईल त्या गिऱ्हाइकाला 'हे तुम्हाला कशाला पाहिजे?' असं विचारून परत पाठवायचं, हा धंदा आमच्या दोंडाईच्यात फक्त भांडेवाल्या आबांनी केला. आणि एवढं करूनही त्यांचं दुकान काही बुडेना, ही त्यांची खरी अडचण होती. परत पाठवलेले लोक पुन्हा यायचे, येताना बहिणीला घेऊन यायचे. माझं वह्या-पुस्तकांचं दुकान त्यांच्या बरोबर समोर. चाळीस वर्षं मी माझ्या गल्ल्यावर बसून हा खेळ फुकटात पाहिला. आबा गावाला हसू आणण्याजोगे होते, म्हणून हे लिहिताना हसू येईल. पण मी लिहितोय ते त्यासाठी नाही. त्यांचं एक नुकसान माझ्या हातून झालं आहे, ते गावाला माहीत नाही, आणि माझंही वय आता गोष्टी पुढे ढकलण्याचं राहिलेलं नाही.

आबांच्या दुकानात शिरलं की आधी बाकावर बसावं लागे. मग तीन प्रश्न. कोणासाठी? घरात खाणारी तोंडं किती? आणि आधीचं कुठं गेलं? या तीन प्रश्नांतून जो पार पडेल त्यालाच भांडं. स्टेशन रोडला शिलाईकाम करणारे एक चाचा आहेत, त्यांच्या मुलीचं लग्न ठरलं तेव्हा ते एक्कावन्न भांड्यांची यादी घेऊन आले. आबांनी चष्मा लावला, कानामागची पेन्सिल काढली आणि यादीतल्या एकतीस भांड्यांवर काट मारली. "चाचा, पोरगी सासरी चालली शे," ते म्हणाले, "खानावळ उघडाले नही." चाचा तरातरा निघून गेले. दुसऱ्या दिवशी आले आणि वीस भांडी घेऊन गेले. त्या वर्षापासून दर ईदेला त्यांच्या घरून आबांकडे शिरखुर्म्याचा डबा येई. आबा डबा रिकामा करून, घासून, उलटा करून त्याच्या बुडावरचं नाव वाचून परत पाठवत. डबा त्यांच्याच दुकानचा असे.

बुडावरचं नाव ही आबांची खरी दौलत. भांडं देताना त्यावर देणाऱ्याचं नाव आणि तारीख टाकायची पद्धत सगळीकडेच आहे, पण आबांकडे तो सोहळा होता. आधी ते पाटीवर खडूनं नाव लिहीत. मग गिऱ्हाइकाला मोठ्यानं वाचायला लावत. एकदा नाही, तीनदा. "नाव बरोबर शे? पाटीवरचं पुसता येईल, भांड्यावरचं नाही. पुन्हा वाचा." तीनदा 'बरोबर' म्हटल्यावरच ते कोरायचं यंत्र हातात घेत आणि घर्र आवाज सुरू होई. अशी चाळीस-पंचेचाळीस वर्षं गावातलं प्रत्येक लग्न, बारसं, मुंज, वास्तुशांत त्यांच्या हाताखालून गेली होती. परिणामी कोणाच्या घरात कोणतं भांडं आहे, कोणी दिलं, आणि ते माळ्यावर आहे की वापरात, हे आबांना त्या घरच्या सुनेपेक्षा जास्त ठाऊक. कोणी कुकर मागितला की ते डोळे मिटत आणि सांगत, "तुमना घरमा तीन शेतस. एक मामानं दिलेला, एक शेजारच्यांनी, एक तुम्ही मागच्या दिवाळीला हट्टानं नेला. चौथा कसाले?" लोक वरमून रबर आणि शिट्टी घेऊन जात. आबांच्या दुकानातला सर्वांत खपाचा माल म्हणजे कुकरची रबरं.

अशा सुखी माणसाच्या आयुष्यात मी डिजिटल क्रांती आणली.

मी तेव्हा व्यापारी मंडळाचा चिटणीस होतो. चिटणीसपद म्हणजे काय, तर वर्षातून एकदा गणपतीची वर्गणी आणि एकदा सत्कार. पण लोक मोबाइलवरून कुकर, कापड, चपला मागवायला लागले, खाकी खोक्यांची गाडी रोज आमच्या पेठेतूनच आमच्या नाकासमोरून जायला लागली, तेव्हा सगळ्यांना एकदम मंडळाची आठवण झाली. मी पुण्याहून एका तज्ज्ञाला बोलावलं. तरुण, तरतरीत, अंगात जाकीट. मे महिन्यात दोंडाईच्यात जाकीट घालून आला यावरूनच त्याच्या जिद्दीची कल्पना यावी. त्यानं मंगल कार्यालयात आम्हा साठ दुकानदारांना बसवून पडद्यावर चित्रं दाखवली आणि विचारलं, "ग्राहक एक वस्तू मागतो तेव्हा आपण त्याला दुसरी कशी विकाल?" मागच्या रांगेतून आबा उठले. "साहेब, पहिलीच त्याला लागत नसंल तर?" तज्ज्ञ हसला. त्याला तो विनोद वाटला. आबांना त्याचं हसणं विनोदी वाटलं. दोघेही समाधानानं खाली बसले.

पण आबा मागे राहणाऱ्यांतले नव्हते. पैसे घ्यायचा क्यूआर कोड सगळ्यांनी कागदावर छापून चिकटवला. आबा म्हणाले, कागद दोन महिन्यांत उडतो, हात पुसला की रंग जातो. त्यांनी स्टीलचं एक मोठं ताट घेतलं आणि चार दिवस बसून, भिंग लावून, तो कोड ठिपक्याठिपक्यानं त्यावर कोरला. गावातले लोक ते पाहायला येत होते. काम खरोखर अप्रतिम होतं, पण एकाही मोबाइलला ते वाचता येईना. उजेड पडला की ताट चमके आणि मोबाइलमध्ये स्वतःचंच तोंड दिसे. आबांनी ताट दारावर लावूनच ठेवलं. "वाचता नाही आलं तर मोबाइलचा दोष," ते म्हणाले. पुढे मुलीनं सुरतेहून येऊन कागद चिकटवून दिला आणि पैसे आले की बोलणारं यंत्रही आणून ठेवलं. ते यंत्र बोललं की आबा त्याला "हां, ऐकलं" असं उत्तर देत.

तज्ज्ञानं मग सांगितलं, मालाचे फोटो काढा, खाली दोन ओळी लिहा, गावातल्या ग्रुपवर टाका. आबांनी तेही केलं. कढईचा सुंदर फोटो आणि खाली, 'हिचा दांडा दोन वर्षांत हलतो. घाई असेल तरच घ्यावी.' पातेल्यांच्या उतरंडीखाली, 'बूड पातळ आहे, दूध लागेल.' एका बिनचिकट तव्याखाली तर फक्त, 'नको.' ग्रुपवर आबांचे फोटो येण्याची लोक वाट पाहायला लागले. माझी बायको सकाळच्या चहाबरोबर ते मला मोठ्यानं वाचून दाखवायची आणि हसून तिच्या डोळ्यांत पाणी यायचं. मी हसत नसे. मोहीम माझी होती, पडद्यावर नाव माझं होतं, आणि गावात चर्चा 'नको' या एका शब्दाची चालली होती.

मोहिमेच्या शेवटच्या दिवशी तज्ज्ञाचा सत्कार ठेवला होता. मंडळातर्फे पितळी समई द्यायचं ठरलं. मीच साहेबांना मिरवत आबांच्या दुकानात घेऊन गेलो, मागे मंडळाचे पाच-सात पदाधिकारी. म्हटलं, जुनं दुकानही पाहतील, समईही होईल.

"आबा, ती वरची मोठी समई काढा."

"कोणासाठी?"

"साहेबांसाठी."

आबांनी साहेबांकडे पाहिलं. "घरी तेल घालून लावणार का?"

"तशी शोकेसमध्ये ठेवू आम्ही," साहेब म्हणाले.

"मग नको. शोकेसमध्ये पितळ काळं पडतं. तुमची आई चिडेल." मग ते माझ्याकडे वळले. त्यांच्या आवाजात मदत करण्याखेरीज दुसरं काही नव्हतं, हे मी आज शपथेवर सांगू शकतो. "आणि नाना, तुमच्या साठीला आलेली समई तुमच्या लोखंडी पेटीत पडेलच शे ना? फडकंसुद्धा सोडलं नसंल. तीच द्या. नाव बुडाला शे, कोणाला दिसत नाही."

सगळे हसले. पदाधिकारी हसले, साहेब हसले, बाकावर रबर घ्यायला बसलेल्या दोन बायका पदर तोंडाला लावून हसल्या. समई खरोखरच पेटीत होती आणि फडकं खरोखरच सोडलेलं नव्हतं. मी जुनी भेट नवी म्हणून फिरवतो असं आबा म्हणाले नव्हते. पण माझ्या कानांना तेच ऐकू आलं. घरी आलो, दुपारचे तीन वाजले होते, बायको वाती वळत बसली होती. प्रशिक्षणात दाखवायला म्हणून मी दुसऱ्या सिमवर एक खोटं खातं उघडलं होतं, त्याचं नाव 'जागरूक ग्राहक'. मोबाइलवरच्या नकाशात आबांचं दुकान काढलं. त्याखाली तोवर कोणीच काही लिहिलेलं नव्हतं, आबांना चांगलं म्हणायला मोबाइल लागतो हे गावाला सुचलंच नव्हतं. मी पाचांपैकी एक चांदणी दाबली आणि लिहिलं, 'या दुकानात माल मिळत नाही, फक्त सल्ला मिळतो. गिऱ्हाइकाला अपमान करून परत पाठवतात. वेळ घालवू नये.' पाठवलं आणि चहा मागितला. चहा नेहमीपेक्षा गोड लागला.

माझा अंदाज असा होता की आबांना ते कळणारही नाही. पण माझ्याच मोहिमेमुळे सगळ्या गावाला नकाशात दुकानं पाहायची सवय लागली होती. आठवड्यात बातमी पोचली. बायकोनं मला ते वाचून दाखवलं आणि म्हणाली, "कोण मेला असेल हो हा?" मी म्हटलं, "असेल कोणी." ती म्हणाली, "त्याला पोटभर जेवण जात असेल का?" मी तेव्हा जेवतच होतो.

आबा मात्र चिडले नाहीत. चिडले असते तर बरं झालं असतं. तिसऱ्या दिवशी ते मोबाइल घेऊन माझ्या दुकानात आले. "नाना, तुम्हाला यातलं कळतं. याला उत्तर लिहायचं शे." मग त्यांनी मला समोर बसवलं आणि सांगायला लागले, मी टंकत गेलो. 'जागरूकभाऊ, नमस्कार. मी दुकानाचा मालक. आपण दुखावून गेलात ते मला कळलं नाही. गिऱ्हाइकाचं मन चेहऱ्यावरून कळतं असा माझा समज होता. एकदा या. जे मागाल ते देईन, कशाला म्हणून विचारणार नाही.'

"वाचा," आबा म्हणाले. मी वाचलं. "पुन्हा." पुन्हा वाचलं. "अजून एकदा." माझीच क्षमा मी मलाच तीनदा मोठ्यानं मागितली आणि पाठवण्याचं बटण दाबलं. लगेच माझ्या खिशात टिंग वाजलं.

"नाना, तुमचा फोन."

"बँकेचा मेसेज असेल," मी म्हटलं.

"पाहून घ्या. बँकेचं महत्त्वाचं राहतं," आबा म्हणाले, आणि माझ्याकडे अशा विश्वासानं पाहत राहिले की मला खिशातून फोन काढून, पाहून, मान डोलवावी लागली.

तिथून पुढे आबा दोंडाईच्यातले सर्वांत डिजिटल दुकानदार झाले. दिवसातून दहादा ते ती चांदणी उघडून पाहत. जागरूकभाऊ काही बोलले का, हे विचारायला माझ्याकडे येत. पेठेत लोक त्यांना रामरामाऐवजी "आबा, जागरूकभाऊ सापडले का?" असंच विचारू लागले. आबा वहीत नावं काढत बसले. चाळीस वर्षांत आपण कोणाकोणाला परत पाठवलं, याची यादी. ती वही माझ्याच दुकानातून नेली होती, दोनशे पानी. मग ते शिंदखेड्याला गेले, नंदुरबारला गेले, धुळ्याला दोनदा गेले. ज्याला जे भांडं नाकारलं होतं ते पिशवीत घालून एसटीनं त्याच्या घरी जायचे. शिरपूरला मात्र मला बरोबर नेलं. मला नाही म्हणता आलं नाही. नाही म्हणणारे ते होते, मी नव्हतो.

शिरपूरला एक निवृत्त मुख्याध्यापिका राहतात. बारा वर्षांपूर्वी त्या आबांकडे चोवीस ताटांचा सेट घ्यायला आल्या होत्या आणि आबांनी त्यांना सहा ताटांवरही येऊ दिलं नव्हतं. आबांनी ओट्यावर पिशवी ठेवली, त्यात चोवीसच्या चोवीस ताटं. हात जोडून विचारलं, "बाई, त्या दिवशी तुम्ही रागावून गेलात का?"

"रागावले की," बाई म्हणाल्या. "चार दिवस रागावले होते. तुम्ही सगळ्यांसमोर विचारलंत, एकट्या राहता, चोवीस ताटं कोणाला वाढणार? मग पाचव्या दिवशी लक्षात आलं, तू एकटी राहतेस, जेवतेस कशी, हे मला माझ्या सख्ख्या भावानंही विचारलं नव्हतं. दोन ताटं घेतली होती तुमच्याकडून. रोज एकात मी जेवते, एकात शेजारची पोर."

मला वाटलं आबांच्या चेहऱ्यावर आता उजेड पडेल. आबा म्हणाले, "पण मोबाइलवर तुम्ही लिहिलं नाही ना?"

"मला कुठे लिहिता येतं मोबाइलवर?"

"मग तुम्ही नाही," ते निराश होऊन म्हणाले आणि ताटं पुढे सरकवली. बाईंनी ती त्यांच्याकडे परत सरकवली. "आता मला कशाला, आबा?" आपला प्रश्न स्वतःला विचारला जाण्याची वेळ त्यांच्यावर पहिल्यांदाच आली होती. त्यांनी ताटं पुन्हा पिशवीत भरली. बसस्टँडवर ती चोवीस ताटं मांडीवर घेऊन आम्ही बसलो. "तीही नाही," आबा म्हणाले. "नाना, जितक्यांकडे गेलो तितके म्हणतात, बरं झालं नाही म्हणालात. मग तो एक जण कोण असंल? त्याचं काय अडलं असंल, की मला दिसलंच नाही?" मी उसाचा रस घेऊन आलो. एवढंच मला सुचलं. रस पिऊन होईपर्यंत बोलावं लागत नाही.

आणि मग आबांनी नाही म्हणणं सोडलं. एकदम नाही, आठ-पंधरा दिवसांत. आधी तिसरा प्रश्न गेला, मग दुसरा, मग पहिला. बाक उचलून आत ठेवला. फोटोंखाली 'उत्तम', 'अतिउत्तम', 'मजबूत' असं यायला लागलं. ज्या तव्याखाली 'नको' लिहिलं होतं त्याच तव्याखाली 'आजच घ्या'. दोन माणसांच्या घरात तीस लिटरचं पिंप गेलं, चौथा कुकर गेला, पाचवा गेला. दुकान धो धो चालायला लागलं. माझी बायको एक दिवस तवा घेऊन आली आणि पिशवी तशीच ठेवून खाली बसली. "काय झालं?" मी विचारलं. "मला वाटलं होतं, नाही म्हणतील," ती म्हणाली. "दोन तवे आहेत घरात. त्यांना माहीत आहे. बघितलंही नाही माझ्याकडे, पिशवीत घालून दिला." तिनं तो तवा कधी वापरला नाही.

पुण्याच्या साहेबांना ही वार्ता लागली. जळगावला एका मोठ्या सभागृहात दुकानदारांचा मेळावा होता, तिथे त्यांनी पडद्यावर आबांचा फोटो दाखवला, गादीवर बसलेले, मागे ते चमकणारं ताट. परंपरेत अडकलेला एक दुकानदार ग्राहकाचा एक वाईट अभिप्राय मनावर घेऊन कसा बदलतो, याचं हे उदाहरण, असं ते म्हणाले. टाळ्या झाल्या. मोहिमेचा शिल्पकार म्हणून मला शाल, श्रीफळ आणि मोमेंटो मिळाला. आबांना बोलावलं होतं, पण ते आले नाहीत. त्या दिवशी धुळ्याला एक जुनं गिऱ्हाईक सापडलं होतं, ते जागरूकभाऊ असण्याचा संभव होता.

पुढच्या पावसाळ्याआधी माझी बायको गेली. तेराव्याला आबा आले, जवळ बसले. जाताना स्वयंपाकघरात जाऊन फडताळाकडे नुसतं पाहून आले. त्यांच्या नजरेतून तो न वापरलेला तवा सुटला नसणार. त्यानंतर मला खरोखर जेवण जाईना. मी ठरवलं, ती चांदणी पुसायची. तेवढी पुसली की कोणाला काही सांगायला नको, असा माझा हिशोबी भित्रेपणा. पण जुना फोन मोडला होता, पासवर्ड आठवेना. पासवर्ड विसरलात का, असं फोननं विचारलं. विसरलो, म्हटलं. ओटीपी पाठवला आहे, तो म्हणाला. तो गेला त्या दुसऱ्या सिमवर, जे रिचार्ज न केल्यामुळे केव्हाच बंद पडलं होतं. मुलाला विचारावं तर कारण सांगावं लागणार. तीन दिवस मी स्वतःच्या खात्याच्या दारात उभा राहून ओटीपीची वाट पाहिली. चौथ्या दिवशी सकाळी रस्ता ओलांडून आबांच्या दुकानात गेलो. सबब पाहिजे म्हणून म्हटलं, "आबा, पाच लिटरचा कुकर द्या."

मला वाटलं, विचारतील. त्यांनी विचारलं नाही. वरून कुकर काढला, फडक्यानं पुसला. "उत्तम शे. पाच वर्षं गॅरंटी. नाव टाकू?"

"टाका."

त्यांनी पाटी घेतली, खडू घेतला. "काय नाव?"

"जागरूक ग्राहक," मी म्हटलं.

खडू 'जागरूक' पर्यंत सवयीनं गेला आणि थांबला. आबांनी वर पाहिलं नाही. मग पुढचा शब्दही त्यांनी सावकाश पूर्ण केला, पाटी माझ्याकडे वळवली.

"वाचा."

मी वाचलं.

"नाव बरोबर शे?"

"बरोबर."

"पुन्हा वाचा."

पुन्हा वाचलं. तिसऱ्यांदाही वाचलं. रस्त्यावरून खाकी खोक्यांची गाडी गेली. पैसे आल्याचं सांगणारं यंत्र गप्प होतं, कारण कोणी काही दिलं नव्हतं. आबांनी कोरायच्या यंत्राकडे हात नेला, तो तसाच परत आणला आणि तळहातानं पाटी पुसली. उभे राहिले, कुकर उचलला आणि वर होता त्या जागी ठेवून दिला.

"एकला माणूसले पाच लिटरना कुकर कसाले?" ते म्हणाले. "दीड लिटरचा शे घरी. वहिनींच्या माहेरचा. दुसऱ्या खणात, डाव्या बाजूला. फक्त रबर गेलं असंल." आणि त्यांनी माझ्यापुढे एक रबर ठेवलं.

मी त्यांना सांगितलं की चांदणी मला पुसता येत नाही, सिम बंद आहे. त्यांनी चष्मा काढून पुसला. "राहू द्या. लिहिलं त्यात खोटं काय शे? माल मिळत नाही, सल्ला मिळतो. तेवढं अपमानाचं चुकलं तुमचं. आणि माझंही. समईचं मी सगळ्यांसमोर बोलायला नको होतं." मग आत जाऊन त्यांनी बाक बाहेर आणला आणि फुंकर मारून धूळ उडवली. मी त्यावर बसलो. पाच-दहा मिनिटांत एक बाई आल्या, डझनभर वाट्या मागत होत्या. "घरात खाणारी तोंडं किती?" आबांनी विचारलं. महिन्याभरात दुकान पूर्ववत झालं, म्हणजे चालेनासं झालं.

ते सुख वर्षभरच टिकलं. गुडघ्यांनी दगा दिला आणि मुलगी त्यांना सुरतेला घेऊन गेली. शटर ओढलं त्या दिवशी त्यांनी ते कोरलेलं ताट मला दिलं, ते माझ्या दुकानात भिंतीला आहे. दुपारी ऊन आलं की त्यात माझं तोंड दिसतं. सुरतेहून कधी फोन येतो. तिथं मॉलमध्ये मुलगी भांडी घ्यायला नेते तेव्हा आबा अनोळखी बायकांना बूड पातळ असल्याचं सांगतात आणि रखवालदार त्यांना बाजूला नेऊन बसवतो, असं तिच्याकडून कळतं.

नकाशात मात्र दुकान अजून आहे. नावाखाली 'कायमचे बंद' असं लिहिलंय, त्याखाली माझी एक चांदणी, त्याखाली आबांचं उत्तर, मी टंकलेलं. साहेब अजूनही म्हणे मेळाव्यांमध्ये तो फोटो दाखवतात. म्हणून हे लिहून ठेवतोय. आबांनी वर्षभर ज्याला शोधलं तो त्या दुकानाच्या समोरच बसत होता, आणि आबांनी कोणाचाही अपमान करून त्याला परत पाठवलं नव्हतं.

रबर मी बसवलं. दीड लिटरच्या कुकरमध्ये रोज भात लावतो. एकट्याला पुरतो. थोडा उरतोसुद्धा.